दोरी ओढायच्या आधी

आधी एक सांगते, मग काय चिडायचं ते चीड. तुझ्या जनरेटरला काही झालेलं नाही. इंजिन बसलेलं नाही, रिंगा गेलेल्या नाहीत, आणि तुझा दीर म्हणतो तसं ‘हे भंगारात घाला, नवं आणू’ करायची तर मुळीच गरज नाही. दिवाळीपासून ते मशीन गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून आहे, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. परवा नवरी मेकअपला खुर्चीत बसली आणि लाईट गेली, तेव्हा तू दोरी ओढून ओढून खांदा भरून घेतलास. इतके महिने पडून राहिलेलं कुठलंही मशीन हेच करणार. जनरेटर चालवून जेवढा बिघडत नाही, तेवढा बंद ठेवून बिघडतो. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे तेवढं ठेव.

हे सांगणारी मी कोण, असं घरात कुणाला वाटलं तर वाटू दे. तुझ्या दाजींचा मंडपाचा धंदा. सीझनमध्ये माणसं मंडपावर, आणि मशीन घरी परत आलं की उतरवून घेणं, काडी काढून ऑईल बघणं, प्लग पुसणं हे माझ्याच वाट्याला आलं. आता ओळखीच्या बायका मला फोन करून विचारतात. पार्लरवाली असते, झेरॉक्सवाली असते, गिरणीवाली असते. सगळ्यांचं रडगाणं एकच: गरज पडली तेव्हाच चालू होईना.

तू लहान होतीस, तुला नीट आठवणार नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आपण कशी काढली ते आईला विचार. खेड्यापाड्यात निम्मा दिवस लाईट नसायची. तेव्हा बाजारात गाळ्या-गाळ्यापुढे जनरेटर फटफटत असायचा. श्रीराम होंडा नाहीतर बिर्ला यामाहा, त्यातले काही पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यायचे. नुसता धूर आणि आवाज. पण त्यातलं कुठलंही मशीन एका ओढीत सुरू व्हायचं, कारण ते रोज चालत होतं. २०१२च्या डिसेंबरात सरकारनं भारनियमन संपल्याचं जाहीर केलं. ते खरं होतं, पण ज्या फीडरवर गळती कमी आणि वसुली चांगली त्यांच्यापुरतं. आपल्या मराठवाड्यात उरलेल्यांची संख्या काही कमी नव्हती. २०२२च्या एप्रिलमध्ये कोळसा तुटला तेव्हा परत तोच शब्द कानावर आला. आता मात्र लाईट जायची कारणं वेगळी आहेत. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम लागतात आणि डीपी जळते. मे महिन्यात वळवाचं वादळ येतं आणि खांब आडवे होतात. अधूनमधून दुरुस्तीचा दिवस असतो. म्हणजे लाईट रोज जात नाही, जाते तेव्हा लांबते. पंख्याला आणि बल्बला इन्व्हर्टर आहे, म्हणून जनरेटर कोपऱ्यात जातो, आणि कोपऱ्यात गेला की आतून सडायला लागतो.

काय सडतं ते सांगते. पेट्रोल उघड्यावर ठेवलं तर उडतं, हे तुला माहीत आहे. टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये राहिलं तर त्यातला हलका भाग आधी उडून जातो आणि मागं राहतो तो चिकट, पिवळसर थर. त्यात आता पंपावरचं पेट्रोल नुसतं पेट्रोल राहिलेलं नाही. २०२५ पर्यंत त्यात २० टक्के इथेनॉल आलं, उसापासून, मक्यापासून, तांदळापासून केलेलं. आपल्या इकडच्या उसाला त्याचा फायदा झाला असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवलीस तर ते पाणी मुरतं, खाली बसतं, टाकीला आतून गंज धरतो, आणि जुनी रबरी नळी फुगून मऊ पडते. आपल्याकडे आहेत तसल्या जुन्या मशीनच्या पुस्तकात बहुतेक ठिकाणी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. म्हणून काही पेट्रोल भरायचंच नाही असं होत नाही, दुसरं आणणार कुठून? फक्त ते टाकीत साठवून ठेवायचं नाही. लागेल तेवढं आण, लागेल तेवढं घाल.

आता तुझ्या मशीनचं. गाळ्याबाहेर मोकळ्यावर काढ, जवळ गॅस, अगरबत्ती, कुणाची बिडी काही नको. पेट्रोलचा कॉक बंद कर. टाकीतलं पेट्रोल नळी लावून डब्यात काढ आणि नाकाजवळ धर. ताजं पेट्रोल कसं झोंबतं ते माहीत आहेच. याला वॉर्निशसारखा, आंबट वास आला तर ते गाडीतही घालू नकोस, गॅरेजवाल्याला दे, तो पार्ट धुवायला वापरेल. मग कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक छोटा स्क्रू असतो, तो सैल कर, आतलं पेट्रोल निथळू दे. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं. ताजं पेट्रोल अर्धा लिटर घाल, कॉक उघड, वाटी भरायला मिनिटभर दे, चोक ओढ आणि मग दोरीला हात लाव.

नाहीच झालं तर वाटी काढावी लागेल. खाली एकच बोल्ट असतो, दहाचा पाना लागतो. वाटी हातात आली की आत बघ: तळाला तपकिरी राळेसारखा थर असेल, कधी पांढरी पूड, कधी पाण्याचा गोल थेंब पेट्रोलखाली वेगळा दिसतो. वर मधोमध पितळेचा बारीक स्क्रू आहे, तो जेट. स्क्रूड्रायव्हर नेमका बसणारा घे, पितळ मऊ असतं, खाच मोडली की बसलीस. जेट काढून उजेडाकडे धर. त्याच्यातून सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसायला पाहिजे, गोल आणि स्वच्छ. ठिपका दिसत नसेल किंवा अर्धाच दिसत असेल तर तुझ्या सगळ्या खांदेदुखीचं कारण तुझ्या दोन बोटांत आहे. तिथं सेफ्टीपिन घालू नकोस! साडीची पिन हाताशीच असते, मोह होतो, मला माहीत आहे. पिननं भोक मोठं होतं, मग मशीन जास्त पेट्रोल पितं, काळा धूर टाकतं आणि नवा जेट आणावा लागतो. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मिळतो तो मार, नाहीतर पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून घे. वाटी बसवताना तिच्या कडेचं रबर फाटलेलं नाही ना ते बघ.

पार्ट मागवायची वेळ आली तर पत्त्यावर ‘आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना’ असं पूर्ण लिहीत जा. नुसतं आष्टी लिहिलं की पार्सल बीडच्या आष्टीला जाऊन यायचं, नाहीतर वर्ध्याच्या. आणि मोठं काही लागलं तर जालन्याला जा. अण्णा अजून म्हणतील की परभणीला जा, तिथं सगळं मिळतं. त्यांचं बरोबर आहे, १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तोवर आपला परतूर तालुका परभणीतच होता, त्यांच्या पायाला तोच रस्ता पडलेला.

पेट्रोल झालं, आता ऑईल. हे मात्र कुणावर सोडू नकोस. मशीन सपाट जागेवर ठेव, काडी काढ, पूस, परत घाल (आटे फिरवू नकोस, नुसती टेकव) आणि बघ. दर वेळी सुरू करायच्या आधी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुझ्या मापाच्या मशीनमध्ये साधारण ६०० मिली ऑईल बसतं, म्हणजे एक लिटरचा डबा आणलास तर उरतोच. एवढ्याशा ऑईलवर ते इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारतं. गाडीचं ऑईल थोडं कमी झालं तरी निभतं, इथं निभत नाही. बऱ्याच मशीनमध्ये ऑईल कमी झालं की स्पार्कच बंद करणारी सोय असते. ती इंजिन वाचवते, पण माणसाला चकवते. दोरी ओढून ओढून हात तुटतात, मेकॅनिकला बोलावतात, तो येऊन दोन घोट ऑईल घालतो, मशीन सुरू होतं आणि तो पैसे घेऊन जातो. मशीन उतारावर ठेवलं तरी हेच होतं. मेकॅनिकला मी दोष देत नाही, त्याचा येण्याजाण्याचा खर्च आहे. पण काडी बघायला त्याला बोलवायचं?

ऑईल कोणतं, तर पुस्तकात असेल ते. १०-३० लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडच्या उन्हाला गाडीचं चार स्ट्रोकचं २०-४०ही चालतं. नव्या मशीनचं पहिलं ऑईल २० तासांनी बदलायचं, कारण नवे भाग घासून त्यात लोखंडाचा कीस उतरतो. पुढं दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यातलं जे आधी येईल ते. तुझे काही सहा महिन्यांत १०० तास होत नाहीत, म्हणून तू सहा महिने धर. आणि तारीख लक्षात ठेवायची भानगडच नको. खंडेनवमीला आपण शिलाई मशीन, कात्री, सगळी हत्यारं पुसून पूजा करतोच. त्या दिवशी एक ऑईल. गुढीपाडव्याला दुसरं. जवळपास सहा महिने होतात, आणि पाडव्यानंतर लगेच लग्नं आणि वादळं दोन्ही सुरू होतात. ऑईल काढायच्या आधी मशीन पाच मिनिटं चालव, कोमट ऑईल सगळा मळ घेऊन बाहेर येतं. गरम उकळतं मात्र नको, हात भाजेल. हातात पिशवी घाल, जळकं ऑईल कातडीला चांगलं नाही. आणि ते नालीत ओतायचं नाही, आडाजवळ तर अजिबात नाही. डब्यात भरून गॅरेजवर दे, त्याच्याकडे घेऊन जाणारे येतात. हो, आणि पूजेचं हळदी-कुंकू टाकीवर लाव, फिल्टरच्या जाळीवर टाकू नकोस. हसू नको, मी बघितलेलं आहे.

फिल्टरबद्दल तुला इतरांपेक्षा जास्त काळजी घ्यावी लागेल, कारण तुझा गाळा शिलाईचाही आहे. कपड्याचा बारीक धागा, तंतू हवेत असतोच. त्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावावर भुशाचा धूर असतो, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ. पुस्तकात ५० तासांनी फिल्टर साफ करा लिहिलेलं असेल, ते पुस्तक लिहिणाऱ्यानं आपलं मळणीयंत्र बघितलेलं नाही. मळणीच्या दिवसांत मशीन चाललं तर दर आठवड्याला झाकण उघडून बघ. आत स्पंज असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं धू, पिळू नको, दाब, सावलीत पूर्ण वाळव. मग त्यावर थोडं स्वच्छ ऑईल टाकून मुठीत दाबून काढून टाक. कोरडा स्पंज धूळ धरत नाही. कागदी फिल्टर असेल तर धुवायचा नाही, नुसता आपटून झटकायचा, काळा पडला की नवा. फिल्टर चोंदला की मशीनला हवा कमी पडते, पेट्रोल जास्त जळतं आणि प्लग काळा होतो. फिल्टर काढून तसंच चालवणारे महाभाग आहेत. मशीन छान पळतं तेव्हा, महिनाभर. मग सिलिंडर घासून जातो आणि त्याला औषध नाही.

प्लग काढलास की त्याचा रंग वाच. बदामी, खाकी असेल तर आत सगळं ठीक चाललंय. कोरडी काजळी असेल तर फिल्टर बघ, चोक अर्धवट उघडा राहतोय का ते बघ. ओला असेल तर पेट्रोल जास्त गेलंय. पुसून, वाळवून, चोक न लावता ओढ. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय, तेव्हा बंद कर आणि जाणकाराला दाखव. पितळी ब्रशनं घासायचं, टोकांमधलं अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवायचं, त्याची पट्टी मेकॅनिककडे असते. प्लग बसवताना आधी हातानं फिरव, पान्यानं शेवटी फक्त आवळ. आटे चढले तर डोकं बदलायचा खर्च येतो. नवा घेताना जुना प्लग खिशात टाकून दुकानात जा, नंबर सांगायची कटकट नाही.

बाकी स्वच्छता म्हणजे कोरडं फडकं आणि रंगाचा जुना ब्रश. मोटारसायकल धुतो तसं पाण्याचा फवारा मारायचा नाही, अल्टरनेटरमध्ये पाणी गेलं की संपलं. दोरीच्या झाकणाला जाळी असते आणि सिलिंडरला पंख असतात, त्यात तुझे धागे आणि भुसा जाऊन बसतो. तिथूनच इंजिन गार होतं, म्हणून ब्रश त्या फटींत घाल. सायलेन्सरच्या तोंडात आणि टाकीच्या झाकणाच्या छिद्रात डोकावून बघ. कुंभारीण माशी मातीचं घर करायला अशीच जागा शोधते. सायलेन्सर बुजला तर मशीन गुदमरतं. झाकणाचं छिद्र बुजलं तर पेट्रोल खाली उतरत नाही आणि मशीन दहा मिनिटं चालून बंद पडतं, मग सगळे कार्बोरेटर खोलत बसतात. उंदरांसाठी वायरी बघ. आणि पोत्यानं झाकायचं बंद कर, पोतं ओल धरतं आणि उंदराला घरटं देतं. मंडपाचं जाड कापड देते पाठवून.

महिन्यातून एकदा चालवायचं. अमावस्येला तू गाळ्यात नारळ फोडतेसच, त्याच दिवशी १५-२० मिनिटं. नुसतं रिकामं फटफटवायचं नाही, पंखा, इस्त्री काहीतरी लावून चालव. भार आला की इंजिन नीट तापतं, आतली ओल जाते, आणि अल्टरनेटरमधलं चुंबकत्व टिकून राहतं. नाहीतर एके दिवशी इंजिन पळतंय आणि वीजच येत नाही, असंही होतं. बंद करताना आधी सगळे भार काढ, दोनएक मिनिटं रिकामं चालू दे. त्यानंतर पुढचे काही आठवडे लागणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे. कार्बोरेटर कोरडा झाला की जेट बुजायचा प्रश्नच येत नाही. ही एक सवय लावलीस तर वर सांगितलेली निम्मी खटपट वाचेल.

सुरू करतानाही एक पद्धत आहे. ओढणी कमरेला खोच, केस बांध, हातातल्या बांगड्या मागे सरकव, गळ्यातलं आत टाक. एक पाय मशीनच्या चौकटीवर. दोरी आधी हळू ओढ, अडल्यासारखी वाटेपर्यंत, मग एक सरळ झटका. सोडताना हातानं परत नेऊन सोड, सुटी सोडलीस की स्प्रिंग तुटते. ताकदीचं काम नाही हे. तुझा दीर दोन्ही हातांनी हिसके मारतो म्हणून त्याची दोरी तुटली होती, आठवतं ना?

आता जरा गंभीर बोलते, हे ऐकताना फोनमध्ये बघू नकोस.

गाळ्याच्या आत जनरेटर चालवायचा नाही. पाऊस आहे, चोर नेईल, आवाज होतो, मागचं दार उघडं आहे, कुठलंही कारण नको. त्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. माणसाला वाटतं उन्हानं झालं, जरा पडावं, आणि तो पडलेला उठत नाही. एका बाजूला शटर आणि तिन्ही बाजूंना भिंती, असा गाळा त्याला पुरेसा आहे. अमेरिकेत २००७ पासून प्रत्येक पोर्टेबल जनरेटरवर घरात चालवला तर काही मिनिटांत जीव जाईल असा इशारा छापायची सक्ती आहे, तरी २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासात थंडीनं लाईट गेली तेव्हा घरात जनरेटर लावून माणसं मेली. शिकलेली, सवरलेली माणसं. मशीन बाहेर, दारा-खिडकीपासून किमान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. लांब वायर लागेल, तर चांगली जाड घे. चोराची भीती असेल तर साखळी लाव. आणि कुणाचं डोकं जड झालं तर आधी सगळ्यांना बाहेर काढ, मग बाकीचं.

दुसरी गोष्ट ती दोन्हीकडे टॉप लावलेली वायर. परवा तुझ्याकडे भिंतीवर लटकलेली बघितली मी. एक टोक जनरेटरला, एक भिंतीतल्या सॉकेटला, आणि मेन स्विच पाडायचं कुणाच्या तरी लक्षात राहील या भरवशावर. नाही राहिलं तर तुझी वीज मीटरमधून उलटी डीपीकडे जाते. डीपी ११ हजार व्होल्टचे ४०० करते, तशीच ती उलट्या वाटेनं तुझे २३० चढवून तारेवर टाकते. वर खांबावर महावितरणचा जनमित्र, म्हणजे लाईनमन, लाईन बंद आहे म्हणून हात घालून बसलेला असतो. आपल्याच गावातला कुणाचा तरी मुलगा. ती वायर आजच्या आज कापून टाक. चेंजओव्हर स्विच बसवून घे, लायसन असलेल्या वायरमनकडून, अर्थिंगसकट. नाहीतर सरळ एक्स्टेंशन बोर्ड जनरेटरला लाव आणि त्यावर काय चालेल तेवढंच चालव.

आणि काय चालेल याचाही हिशेब ठेव. २ केव्हीएच्या मशीनवर कायमचा भार दीड हजार वॅटच्या आत असू दे. मोठा हेअर ड्रायर एकटाच त्यातलं बरंचसं खातो. ड्रायर चालू असताना इस्त्री नको, वॅक्स हीटर आधी गरम करून घे. फ्रिज, मोटार अशा वस्तू सुरू होताना दुपटी-तिपटीनं ओढतात, त्या आधी लाव आणि बारीकसारीक नंतर. पूर्ण भारावर तासाला लिटरभर पेट्रोल जातं, आणि लिटर शंभराच्या वर आहे. नवरीचा मेकअप आहे, हेअर स्टाईल आहे, गिऱ्हाईक थांबणार नाही, तेव्हा चालव. नुसतं ब्लाऊजला हुक लावायला इन्व्हर्टरचा दिवा पुरे. चालू मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही, बंद करून गार होऊ दे. सायलेन्सरवर सांडलेला एक थेंब पुरतो.

राहिला प्रश्न मेकॅनिकचा. तो लागतोच. व्हॉल्व्हचं अंतर बघणं, एव्हीआर, वाइंडिंग, ही तुझी-माझी कामं नाहीत, वर्षातून एकदा त्याला दाखवावं. पण जो माणूस प्लग न काढता, ऑईल न बघता, पेट्रोलचा वास न घेता ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणतो, त्याच्या हाती मशीन देऊ नकोस. त्याला आधी विचार, वाटी उघडली होतीस का? तोंडाकडे बघ त्याच्या.

या रविवारी गाळा बंद असेल तेव्हा मशीन बाहेर काढ. सासूबाईंना चहा करून बसव शेजारी, त्यांना आवडेल, भारनियमनाच्या काळात त्यांनी रॉकेलवाली मशीन बघितलेली आहेत. अडलीस तर व्हिडिओ कॉल कर, मी दुपारी मोकळी आहे. फक्त फोन लावायच्या आधी ऑईलची काडी काढून बघ, कारण माझा पहिला प्रश्न तोच असणार.